सहाव्या डॉक्टरला ऐकून बघा

'डॉक्टर हू' ही बीबीसीची विज्ञानकथा मालिका. तिचा नायक, काळात फिरणारा 'डॉक्टर', अधूनमधून नवं रूप घेतो आणि मग नवा नट ती भूमिका करतो. तिच्या चाहत्यांत सहाव्या डॉक्टरला नावं ठेवायची जुनी रीत आहे. ज्यांनी त्याला फक्त टीव्हीवर पाहिलंय त्यांना मी दोष देणार नाही. १९८४ मध्ये कॉलिन बेकर या भूमिकेत आला आणि पहिल्याच कथेत त्याचा डॉक्टर पेरीचा, स्वतःच्याच सोबतिणीचा, गळा आवळायला धावला. त्यात तो भडक, ठिगळाठिगळांचा कोट. सुरुवातीला उद्धट वाटणारा माणूस हळूहळू निवळत जाईल, असा बेत होता. पण निवळायला लागतो तो वेळच त्याला मिळाला नाही. मालिका दीड वर्ष बंद राहिली आणि १९८६ मध्ये बेकरला काढून टाकलं.

ते अर्धवट राहिलेलं काम बिग फिनिश या ब्रिटिश कंपनीच्या, बेकरच्याच आवाजातल्या 'डॉक्टर हू' ऑडिओ नाटकांनी पुरं केलं, आणि माझ्या मते टीव्हीला कधीच जमलं नसतं इतकं सुंदर केलं.

२००० सालच्या 'द मेरियन कॉन्स्पिरसी'त त्याला एव्हलिन स्माइद भेटते. पंचावन्न वर्षांची, इतिहास शिकवणारी, चॉकलेट केकवर जीव असलेली बाई. आवाज मॅगी स्टेबल्सचा. डॉक्टरचं भाषण रंगात आलं की ती सरळ मधे तोंड घालते. आणि तो थांबतो! कोट दिसत नाही, चेहरा दिसत नाही. ऐकू येतं ते एवढंच, की आजवर कुणाचं न ऐकणारा माणूस आता ऐकून घ्यायला शिकतोय. त्याचा अहंकार, त्याचे जडजंबाल शब्द, काहीच लेखकांनी काढून टाकलेलं नाही. हे मला फार मोलाचं वाटतं. स्वभाव तोच ठेवून माणूस मोठा केलाय.

एव्हलिनचं हृदय कमजोर आहे. कळलं तर डॉक्टर घरी नेऊन सोडेल, म्हणून ती लपवते. मग २००३ च्या 'प्रोजेक्ट: लॅझरस'मध्ये कॅसी, आधीच्या एका नाटकात त्यांना भेटलेली तरुणी, मरते आणि दोघांत असा दुरावा येतो की तो पुढेही सहजी मिटत नाही. त्याच वर्षीचं जॅकलीन रेनरचं 'डॉक्टर हू अँड द पायरेट्स' तर मी कुणालाही हट्टाने ऐकवीन. जीव द्यायच्या विचारात असलेल्या एका विद्यार्थिनीला एव्हलिन चाच्यांची गोष्ट सांगत बसते. गोष्टीतल्या जेम नावाच्या पोरापाशी आली की अडखळते, भलतंच काहीतरी रचते. मग डॉक्टर येतो आणि चक्क गाऊ लागतो, गिल्बर्ट-सलिव्हन या जोडीच्या जुन्या इंग्रजी विनोदी संगीतिकांच्या चालींवर. आधी हसू येतं. मग लक्षात येतं, की एव्हलिनला जे सांगवत नाहीये तिथे पोचेपर्यंत तो तिला सोबत करतोय. पेरीवर धावून गेलेला हाच तो माणूस!

२००५ च्या 'थिकर दॅन वॉटर'पर्यंत ती एका परक्या ग्रहावर संसार थाटून राहिलेली असते. पण थेट तिथे उडी मारू नका. 'मेरियन'पासून क्रमाने ऐका, मधली साधी वाटणारी नाटकंही गाळू नका. आणि ऐकून झालं की इथे येऊन माझ्याशी भांडा किंवा बोला, दोन्हीला मी तयार आहे.