'गुड्डी'तला मामा

मागच्या आठवड्यात वहिनीचा फोन आला. कापूस वेचायला बाया मिळत नाहीत, हे रडगाणं अर्धा तास झाल्यावर हळूच म्हणते, "ताई, आपली पोट्टी त कामातून गेली वं! मोबाईलवर कोण्या कोरियातल्या पोट्ट्याचा फोटो लावून ठेवला. तुमचे भाऊ म्हनतात, मोबाईलच काढून घेतो." पोरगी नववीत. मला हसू आलं, वहिनीला राग आला.

तेव्हापासून डोक्यात 'गुड्डी' घोळतोय. १९७१चा, हृषीकेश मुखर्जींचा. जया भादुरीचा पहिला हिंदी सिनेमा. दोन वेण्या घातलेली शाळकरी पोर धर्मेंद्रवर जीव टाकून बसते. घरच्यांच्या मनात नवीनचं स्थळ आहे, आणि ही स्वतःला मीरा समजते.

आम्ही तो दूरदर्शनवर पाहिला. गावात टीव्ही एकच, पाटलांच्या वाड्यात. बाया ओसरीवर, माणसं अंगणात, आणि एक पोट्टा कवेलूंवर चढून अँटेना फिरवतोय. "आलं का?" "आलं, आलं... गेलं!" नेमकं धर्मेंद्र पडद्यावर असतानाच मुंग्या यायच्या. शेवटी लाईनच गेली. पूर्ण सिनेमा मी लग्नानंतर पाहिला.

तेव्हा कळलं, या सिनेमातला खरा हीरो उत्पल दत्तने केलेला नवीनचा मामा आहे. पोरीला मारत नाही, कोंडत नाही, नातेवाइकांत बोभाटा करत नाही. नवीनची समजूत काढतो आणि थेट धर्मेंद्रलाच गाठतो. म्हणतो, तिला पडद्यामागचं दाखवा. मग गुड्डी स्टुडिओत जाते. जीव धोक्यात घालतो तो डुप्लिकेट, टाळ्या हीरोला. आणि तो झगमगाट उभा करणाऱ्या कामगारांचं नाव कुणालाच ठाऊक नाही. हळूहळू तिची तीच शहाणी होते. शाळकरी पोरीचं मन दुखू नये म्हणून मोठी माणसं एवढा खटाटोप करतात, हेच मला सगळ्यात नवलाचं वाटलं.

कारण माझाही एक मामा होता.

किराणाच्या पुडीच्या कागदावर एका हीरोचा फोटो आला होता. हळदीचा डाग नेमका त्याच्या गालावर. तो मी कापून, शितांनी भूगोलाच्या वहीत चिकटवला. मामांनी सहज वही चाळली आणि आईला हाक मारली, "बाई, पोट्टी हातची चालली वं!" पुढे काय, चूल पेटलेलीच होती. त्या पानाच्या मागे मी वर्धा आणि वैनगंगेचा नकाशा काढला होता. तोही जळला. शाळेत नकाशा नाही म्हणून छड्या खाल्ल्या, आणि कारण तर सांगता येईना! दोन महिने पाटलांच्या वाड्यावर जाणं बंद, ते वेगळंच.

आता सिनेमावरही माझा थोडा राग आहेच. नवीन उजवा दिसावा म्हणून धर्मेंद्र स्वतः कमीपणा घेतो, आणि शेवटी पोरगी नवीनच्या पदरात. अरे, पण तिचं शिक्षण? एक वेड गेलं की लगेच लग्नच काढायचं का? बरं, मामाची युक्ती गुड्डीला लागू पडली असेल. आम्हा बायांवर उलटी पडली. इतका समजूतदार धर्मेंद्र पाहून आम्ही होतो त्याहून जास्त प्रेमात पडलो.

आणि 'गुड्डी'तली ती प्रार्थना! 'हम को मन की शक्ति देना' आमच्या शाळेत दर गुरुवारी असायची. सोमवारी 'ऐ मालिक तेरे बंदे हम'. दोन्हींना चाल वसंत देसाईंची, हे कोणत्याच गुरुजींनी सांगितलं नाही. सिनेमाला नावं ठेवणारे तेच गुरुजी सकाळी हात जोडून सिनेमाचंच गाणं म्हणवून घ्यायचे. वाणी जयरामचा तो आवाज आठवला की मला अजून शाळेच्या पटांगणातली थंडी वाजते.

असो. भावाला फोन करून सांगितलं, "मोबाईलले हात लावू नको. पोरीले दिवाळीत माह्याकडं पाठव." आली. दोघींनी मिळून 'गुड्डी' पाहिला. तिला जरा संथ वाटला. मध्येच उठून शेवचिवडा घेऊन आली, पण जयाच्या चेहऱ्यावर दोनदा खुदकन हसली.

मग माझी पाळी. ती मला त्या कोरियातल्या पोट्ट्यांची गाणी दाखवते आहे. सात जण आहेत, सातही मला सारखेच दिसतात. रोज रात्री जेवणं झाली की परीक्षा घेते. काल तिसऱ्यांदा नाव चुकलं, तर म्हणे, "आत्या, तू नापास."