वकिलात शेजाऱ्याची, निर्णय स्वतःचा

आज गुहागरमधील एका वक्तृत्व स्पर्धेत परीक्षकांनी एका मुलीला भाषणाच्या मध्येच थांबवले. ती लिश्टनस्टाइन या युरोपातल्या चिमुकल्या देशाविषयी बोलत होती, आणि परीक्षकांचे म्हणणे असे की, ज्याला जगभर स्वतःचे दूतावास ठेवता येत नाहीत, त्याला देश कशाला म्हणायचे? सभागृह हसले. ते हसणे मला फार लागले.

जेमतेम १६० चौरस किलोमीटरचा, सुमारे ४०,००० वस्तीचा हा देश. त्याचे परराष्ट्रीय काम पूर्वी ऑस्ट्रिया-हंगेरी पाही. ते साम्राज्य कोसळल्यावर १९१९ मध्ये त्याने ते स्वित्झर्लंडकडे सोपवले. आजही जिथे त्याचा स्वतःचा दूतावास नाही, तिथे त्याचा अडचणीत सापडलेला नागरिक स्विस वकिलातीत जातो.

आमच्या आत्याने हेच केले होते. यजमान गेल्यावर तिला चिपळूणच्या कोर्टात खेपा घालणे शक्य नव्हते, म्हणून शेजारच्या चुलतदिरांना, आमच्या भाऊकाकांना, तिने जमिनीच्या दाव्यापुरते मुखत्यारपत्र करून दिले. तारखेला भाऊकाका उभे राहत, वकिलाशी तेच बोलत. पण काय बोलायचे ते आदल्या रात्री आत्याच्या पडवीत ठरत असे. ही बाई आता घरची मालकीण उरली नाही, असे गावात कोणी म्हटले नाही.

जगाने मात्र म्हटले. १९२० मध्ये राष्ट्रसंघाने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या जागतिक संघटनेने, लिश्टनस्टाइनला सदस्यत्व नाकारले, तेव्हा सार्वभौमत्वाची काही कामे त्याने इतरांकडे दिली आहेत, हेही कारण पुढे केले. हा निव्वळ मोठ्यांचा माज होता. तोच देश १९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला आणि त्याचा मुखत्यार असलेले स्वित्झर्लंड तिथे पोहोचले २००२ मध्ये! डिसेंबर १९९२ मध्ये स्विस मतदारांनी युरोपीय आर्थिक क्षेत्रात, म्हणजे युरोपीय देशांच्या सामायिक बाजारपेठेत, जाणे नाकारले, आणि त्यानंतर आठवडाभरातच लिश्टनस्टाइनच्या मतदारांनी ते स्वीकारले. भाऊकाकांनी एकदा आत्याच्या आंब्याच्या कलमांचा सौदा व्यापाऱ्याशी परस्पर ठरवत आणला, तेव्हा तिनेही असेच बजावले होते की, कागद दाव्यापुरता आहे, बागेचे मी पाहीन.

प्रत्येक मुखत्यार भाऊकाका नसतो, हे मान्य. आपल्या सावंतवाडी संस्थानाचे परराष्ट्रीय व्यवहार इंग्रजांकडे गेले ते काही खुशीने नव्हे. आणि परराष्ट्र व्यवहारात भारताच्या सल्ल्याने चालण्याचे जे कलम भूतानने १९४९ च्या तहात स्वीकारले होते, ते २००७ मध्ये बदलावेच लागले. म्हणूनच त्या कागदाची मर्यादा कोण ठरवतो आणि तो परत मागता येतो का, हे पाहायला हवे. दूतावास मोजून काय कळणार?

लिहिता लिहिता राग थोडा ओसरला आहे, तेव्हा शेजाऱ्याचे श्रेयही त्याला देतो. भाऊकाकांनी बागेच्या बाबतीत आत्याचा शब्द मानला आणि दावा मात्र शेवटपर्यंत स्वतःचाच असल्यासारखा चालवला. स्वित्झर्लंडनेही दोन्ही देशांची जकात एक करणारा १९२३ चा करार लिश्टनस्टाइनसाठी दुरुस्त करून दिला, आणि ज्या युरोपीय आर्थिक क्षेत्रात स्वित्झर्लंड स्वतः गेले नव्हते, त्यात तो देश १९९५ मध्ये सामील झाला.