घरातलं व्यसन सुखरूप कसं सांभाळावं

सगळ्यात आधी एक करा, त्याला जुगार म्हणू नका. आपल्या घरात जुगार नसतो. जुगार म्हणजे पानवाल्याच्या मागे उभा राहून आकडा लावणारा तो कळकट माणूस. आपला मुलगा फोनवर पैसे घालून टीम लावतो, रमी खेळतो, नाहीतर लाल येणार की हिरवा येणार ते ओळखतो आणि त्याला कलर ट्रेडिंग म्हणतो, आणि ट्रेडिंग म्हटलं की कसं, इंदूरच्या सराफ्यात आपली पिढीजात पेढी असल्यासारखं वाटतं. शिवाय ते स्किल आहे हो! इंग्रजांच्या १८६७ च्या जुगार कायद्यातच कौशल्याच्या खेळाला सूट होती आणि १९६८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ. आता कोर्टापुढे जी माणसं होती ती क्लबात समोरासमोर बसून पत्ते खेळत होती, रात्री दोन वाजता पांघरुणात फोन घेऊन नाही, पण इतका बारीक विचार आपण कशाला करायचा.

मग लक्षणं. ती दिसतील, पण बघायची नाहीत. मुलगा चाळीस मिनिटं बाथरूममध्ये आहे? पोट बिघडलं असेल, रात्री सराफ्यातल्या खाऊच्या गाड्यांवर काय काय खाल्लं असेल. रविवारच्या पोह्यांची प्लेट तशीच पडलीये, वर घातलेली शेव मऊ पडली? डाएटवर असेल. पहाटे तीन वाजता तो कुठल्यातरी बेटावरच्या दोन टीमची मॅच बघतोय, ज्यांच्या कॅप्टनचं नावही त्याला माहीत नाही, आणि डोळ्यात पाणी? क्रिकेटप्रेम! इंदूरचं पोरगं आहे, २०११ मध्ये आपल्या होळकर स्टेडियमवर सेहवागने २१९ केले तेव्हा शाळा बुडवून बापाच्या खांद्यावर बसलं होतं. फक्त तेव्हा ते भारत जिंकावा म्हणून ओरडत होतं आणि आता सहा ओव्हरचं सेशन (म्हणजे तेवढ्या ओव्हरमधल्या धावा) बावन्नच्या वर जावं म्हणून देव पाण्यात घालून बसतं, एवढाच फरक. "आयडी", "लगाई-खाई", "फॅन्सी" असे सट्ट्यातले शब्द कानावर आले तर टीव्हीचा आवाज वाढवावा.

आता पैसे. इथे आपल्या मराठी घरांचा हात कोणी धरणार नाही. तो आधी आईकडे मागेल, मग मोठ्या वहिनीकडे, मग देवासच्या मावशीकडे, मग आत्याकडे (म्हणजे माझ्याकडे). प्रत्येकीला सांगेल की "बाबांना सांगू नकोस हं, सोमवारी देतो". प्रत्येकीने त्याच्या डोक्यावरून हात फिरवावा, यूपीआय करावं, आणि कुटुंबाच्या ग्रुपवर जाऊन सुप्रभातचं फूल टाकावं. आमच्याकडे हा कार्यक्रम साधारण दीड वर्ष चालला, सहा जणींनी मिळून दोन लाखाच्या वर दिले आणि सहाही जणींना वाटत होतं की पोराचा आपल्यावरच जास्त जीव आहे. मी तर चार हजार पेट्रोलसाठी दिले होते. चार हजारांच्या पेट्रोलमध्ये त्याची ती स्कूटर इंदुरातून निघून काशीयात्रा करून परत आली असती, पण हिशोब विचारणं आपल्यात बरं दिसत नाही.

कधीतरी मात्र फुटतं. लोन ॲपवाले एकाच दुपारी मामांना, ऑफिसातल्या साहेबांना आणि तीन वर्षांपूर्वी घरी आलेल्या सुताराला फोन करतात. अशा वेळी घाबरून जाऊ नका, एफडी मोडा. सगळं कर्ज एकाच झटक्यात, आजच्या आज, आणि पैसे थेट त्याच्याच खात्यात घाला, कारण त्याच्यावर विश्वास दाखवला पाहिजे ना. फोन त्याच्याकडेच राहू द्या. बँकेचा व्यवहार काही महिने दुसऱ्या कोणी बघावा असं कुणी सुचवलं तर "तो काय लहान आहे का" असं म्हणून त्याला गप्प करा. तो रडेल, खजराना गणपतीची शपथ घेईल, आणि ती शपथ खरी असते बरं का, घेताना अगदी मनापासून घेतलेली असते. पंधरा दिवसांनी त्याच्या लक्षात येतं की जुनं सगळं फिटलंय, लोन ॲप आता खूश होऊन आधीपेक्षा दुप्पट लिमिट दाखवतंय, आणि गेलेले पैसे परत आणून बाबांची एफडी पुन्हा उभी करणं हे तर मुलाचं कर्तव्यच.

डॉक्टरकडे अजिबात नेऊ नका. डॉक्टर भलतंच सांगतात. म्हणतात, जुगाराचं व्यसन हा आजार आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत तो दारूच्या व्यसनाच्या रांगेत बसलाय. म्हणतात, स्किनर नावाच्या माणसाने कबुतरांवर प्रयोग केले, चोच मारली की दर वेळी दाणा मिळाला तर कबूतर पोट भरल्यावर थांबतं, पण दाणा कधी मिळतो कधी नाही असं केलं की ते वेड्यासारखं चोच मारतच राहतं. आणि तुमच्या मुलाच्या फोनमधला तो रंगांचा खेळ त्याच पद्धतीने बांधलाय, थोडक्यात हुकलं की मेंदूला हरल्यासारखं नाही, जवळजवळ जिंकल्यासारखं वाटतं. आता सांगा, आपला मुलगा इंजिनिअर आहे, कबूतर आहे का? आणि बाणगंगेच्या मनोरुग्णांच्या हॉस्पिटलच्या रस्त्याला आपली गाडी कोणी पाहिली तर राजेंद्रनगरात संध्याकाळपर्यंत काय काय पसरेल.

त्यापेक्षा लग्न करून द्या. जबाबदारी पडली की पोरं सुधारतात, हे औषध आपल्याकडे दारू, कामचुकारपणा, बुवाबाजी सगळ्यावर चालतं. बायोडाटात "निर्व्यसनी" हा शब्द ठळक टाइपात टाका, खोटं काही नाही त्यात, पोरगं सुपारीसुद्धा खात नाही. सोनं येईल. ते मुथूटकडे की मणप्पुरमकडे ठेवायचं ते तो बघेल.

आणि हो, कायदा! कायदा झालाय की आता, आपण कशाला जीव पाखडायचा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने दोन दिवसांत पास केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद नाहीतर एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद नाहीतर पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सरकारचाच अंदाज होता की ४५ कोटी लोक वर्षाला २०,००० कोटींच्या आसपास घालवतात. त्याच्या जेमतेम दोन वर्षं आधी, १ ऑक्टोबर २०२३ पासून, त्याच सरकारने त्याच खेळांवर लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी बसवला होता, पण पाप बंद करायच्या आधी तिकीट लावून बघितलं तर त्यात चूक काय.

एक गोष्ट तेवढी मुलाच्या कानावर जाऊ देऊ नका, की या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाहीये, त्याला आरोपी न मानता फसलेला मानलंय. हे त्याला कळलं तर तो उगाच मोकळेपणाने बोलायला लागेल. "पोलीस उचलून नेतील" हे रोज जेवताना सांगा. मग तो टेलिग्रामवरून परदेशी ॲपची फाइल उतरवेल आणि पैसे कुणातरी भाजीवाल्याच्या नावावरच्या भाड्याच्या खात्यात पाठवेल, ते खातं गोठलं की ह्याचंही गोठेल, आणि तक्रार करायला १९३० या सायबर फसवणुकीच्या नंबरवर फोन लावायची हिंमत त्याच्यात उरणार नाही. म्हणजे बदनामी नाही. इंग्लंडमध्ये म्हणे लायसन्स देतात आणि वर ब्रेक लावतात, २०२० पासून क्रेडिट कार्डाने जुगार बंद, आणि एका यादीत स्वतःचं नाव घातलं की लायसन्सवाल्या सगळ्या साइट तुम्हाला दार बंद करतात. स्वतःचं नाव स्वतः यादीत! आपल्याकडे कोण घालेल भिया, आपण तर रेशनकार्डातलं नाव बघायलाही शेजाऱ्यांना देत नाही. बंदी वाईट आहे असं नाही, मला तर बंदी हवीच होती, जाहिरातीतले ते हसरे क्रिकेटपटू गेले तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. पण बंदी लागली ती कंपनीच्या दाराला, आमच्या घरातली दारं जशी उघडी होती तशीच.

सरकारचा टेली-मानस म्हणून मनाच्या आजारांसाठी फुकट नंबर आहे, १४४१६, चोवीस तास, आपल्या भाषेत बोलतात, नाव सांगायची जबरदस्ती नाही. हा नंबर चुकूनही फ्रिजवर चिकटवू नका. पाहुणे येतात, विचारतात. आमच्याकडे वहिनीने तो किराणाच्या यादीच्या मागे लिहून ठेवलाय, साबुदाणा दोन किलोच्या बरोबर मागे, आणि यादी डब्यात.

थांबा हं, फोन वाजतोय.

"आत्या, दोन हजार आहेत का गं? सोमवारी देतो."

आज मंगळवार आहे.