महत्त्वाचं काम महिन्यागणिक बदलतं
मोजक्या कामांतूनच बहुतेक फायदा होतो, तेवढीच धरा आणि बाकीची बाजूला ठेवा, हा लेखातला मुद्दा बराचसा पटला. इटालियन अर्थतज्ज्ञ पॅरेटोच्या नावाने ओळखला जाणारा 80-20 चा नियम (वीस टक्के कामांतून ऐंशी टक्के फायदा) आम्हा रत्नागिरीच्या हापूस बागायतदारांना अनुभवाने ठाऊक आहे. फक्त इथे महत्त्वाचं काम महिन्यागणिक बदलतं.

मोहोर आला की तुडतुडा या किडीवरची फवारणी सोडून दुसऱ्या कशात जीव अडकवू नये. नेमकं तेव्हाच पेट्यांची छपाई, व्हॉट्सअ‍ॅपवरची जाहिरात, गडग्याची (बागेच्या दगडी कुंपणाची) डागडुजी सगळं खुणावत असतं. पण ढगाळ हवा राहिली आणि फवारणी लांबली, तर मोहोर हातचा जातो. मग छापलेल्या पेट्यांत भरायचं काय? पुढे तोडणी. चौदा आणे तयार, म्हणजे पूर्ण पक्व व्हायच्या थोडं आधीचं फळ नूतन झेल्याने (काठीला जाळी लावलेल्या तोडणीच्या साधनाने), देठासकट, ऊन चढण्याआधी उतरवायचं. जास्त पक्व होऊ दिलं किंवा तापलेल्या जमिनीवर ठेवलं, तर साका (फळाच्या आतला गर खराब होणं) वाढतो आणि वाशीच्या बाजारात दर पडतो. या वेळी मालकाने स्वतः झाडाखाली उभं राहावं, हिशेब रात्री करता येतो.

‘बाकीची बाजूला ठेवा’ हे मात्र मला धोक्याचं वाटतं. पावसाळ्यानंतरच्या बेणणीने, म्हणजे बागेतलं गवत काढल्याने, एक आंबासुद्धा जास्त लागत नाही. पण वाळलेलं गवत तसंच राहिलं, तर एका वणव्यात कलमं जळून जातात, आणि नवं कलम उत्पन्नाला यायला कित्येक वर्षं लागतात. फायदा न दाखवणारी, पण सगळं वाचवणारी अशी कामं कशी ओळखायची, यावरही लेखकाने जरूर लिहावं.