ढोबळी मिरचीत नर-मादी नसते हो

खाली तीन फुगवटे असले तर ढोबळी मिरची नर, चार असले तर मादी, मादीत बिया जास्त आणि ती गोड म्हणून कच्ची खायची, नर शिजवायला बरी. हा मेसेज फोटोसकट वर्षानुवर्षं फिरतोय आणि चांगली शिकलेली माणसंसुद्धा तो पुढे ढकलतात, म्हणून एकदा नीट लिहितेच.

आधी "नर फळ" हेच घ्या. फळ म्हणजे फुलातला अंडाशय वाढून झालेला भाग, आणि अंडाशय असतो फुलाच्या मादी भागात, मग नर फळ येणार कुठून? ज्या फुलात नुसते पुंकेसर, म्हणजे पराग देणारे नर भाग, असतात ते पराग देऊन गळून जातं. काकडीच्या किंवा भोपळ्याच्या वेलावर बघा ना, मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ आधीपासूनच दिसतं, नर फुलामागे नुसता देठ. मिरचीचं तर फूलच द्विलिंगी, मधे स्त्रीकेसर म्हणजे मादी भाग, भोवती पाच-सहा पुंकेसर, आणि बहुतेक वेळा त्याच फुलाचे पराग त्याच फुलाच्या कुक्षीवर, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकावर, पडून काम होऊन जातं.

फुगवटे कशाचे मग? अंडाशयाच्या कप्प्यांचे. मिरची आडवी कापली की दिसतात. एकाच झाडावर तीनवाली आणि चारवाली शेजारी-शेजारी लागते, एवढ्यावरच खरं तर विषय मिटायला हवा.

बियांचं जरा सविस्तर सांगते, कारण मला यातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो. अंडाशयात बारीक बीजांडं असतात, आणि एक बी म्हणजे फलन झालेलं एक बीजांड. कुक्षीवर पडलेल्या परागकणातून बारीक नळी निघते, ती कुक्षीवृंतातून, म्हणजे कुक्षीखालच्या दांडीतून, खाली उतरत बीजांडापर्यंत जाते आणि दोन नर युग्मकं (नर पेशी) आत सोडते, एक अंडपेशीशी जुळून भ्रूण होतं, दुसरं मधल्या दोन केंद्रकांशी जुळून भ्रूणपोष, म्हणजे बाळाचा डबाच. हे दुहेरी फलन नवाशिन या रशियन शास्त्रज्ञानं १८९८ मध्ये दाखवलं. तर प्रत्येक बीमागे एक परागकण खर्ची पडलेला असतो. कप्पे जास्त असले तर बीजांडांना जागा थोडी जास्त मिळू शकते, मान्य, पण किती बिया धरतील हे परागीभवन कसं झालं, हवा कशी होती यावरही असतं, आणि नर-मादीचा इथे काही संबंधच नाही.

गोडी पिकण्यावर आणि जातीवर. हिरवी ढोबळी कच्ची असते, झाडावर लाल झाली की साखर वाढते. बस.

"मग पपईत नर-मादी असतं ते?" असतं, पण झाडात. नर, मादी आणि द्विलिंगी अशी तीन प्रकारची झाडं. गोलसर फळ बहुधा मादी झाडाचं, लांबट द्विलिंगी झाडाचं, म्हणजे आकारावरून कळतं ते झाडाबद्दल, आणि त्यातली बी पेरली तर नवीन झाड यातलं कुठलं निघणार हे फूल येईपर्यंत नुसतं बघून सांगता येत नाही.