शिवरस्ता कोणाचा?

परवा शिवेवरच्या चिखलात आमची केळीची ट्रॉली रुतली. चाक आसापर्यंत खाली. घड उतरवून डोक्यावर वाहिले, तेव्हा कुठे ट्रॅक्टर हलला. सहावीतली पुतणी हे सगळं बघत होती. तिने विचारलं, "काका, हा रस्ता कोणीच का करत नाही?"

काय सांगू? आमचं गाव म्हणतं तो पलीकडच्यांचा, पलीकडचं गाव म्हणतं तो तुमचा. वीस वर्षं हेच ऐकतोय.

रात्री तिच्यापुढे युरोपचा नकाशा पसरला. तिथलंही दुखणं हेच. प्रत्येक देश आपल्या आतले रस्ते, रूळ, विजेच्या तारा नीट ठेवतो. सीमेवरचा तुकडा रखडतो. कारण खर्च एकाचा आणि फायदा दोघांचा! म्हणून युरोपियन युनियनचे 27 देश, आपण भंडाऱ्याला काढतो तशी वर्गणी काढतात. 'कनेक्टिंग युरोप फॅसिलिटी' नावाच्या या निधीत 2021 ते 2027 साठी सुमारे 33.7 अब्ज युरो आहेत; 25.8 अब्ज वाहतुकीला, 5.8 अब्ज ऊर्जेला, उरलेले इंटरनेटसारख्या जोडण्यांना. पण सगळा खर्च निधी उचलत नाही. ज्यांचं काम, त्यांनीही पदरचे घालायचे.

आई मध्येच म्हणाली, "आपल्या पीजेसारखं का?" बरोबर धरलं तिने. पाचोरा-जामनेर गाडी चालायची तेव्हा तिचा रूळ अडीच फुटी आणि मेन लाइनचा साडेपाच फुटी, म्हणजे पाचोऱ्याला उतरून गाडी बदलणं यायचंच. एस्टोनिया, लॅटव्हिया, लिथुआनियाचे जुने रूळ रशियाच्या मापाचे, 1,520 मिलिमीटर. पश्चिमेकडे पोलंडपासून पुढे 1,435. म्हणून 1,435च्याच मापाचा 'रेल बाल्टिका' हा 870 किलोमीटरचा नवा मार्ग बांधतायत. त्यातल्या कामांना निधी 85 टक्क्यांपर्यंत पैसे देतो. विजेचंही तसंच. हे तिन्ही देश रशियाच्या ग्रीडला, म्हणजे विजेच्या जाळ्याला, जोडलेले होते. ते 8 फेब्रुवारी 2025 ला सुटले आणि दुसऱ्या दिवशी युरोपच्या ग्रीडला जोडले गेले. त्यासाठी याच निधीतून 1.2 अब्ज युरोंहून जास्त गेले.

पोरांना नद्या-डोंगर पाठ करायला लावतो, मग पूल कोणाच्या पैशाने उभा राहतो हे का सांगत नाही? धुळ्याने मनमाड-इंदूर रेल्वेची किती दशकं वाट पाहिली! 309 किलोमीटर, 18,036 कोटी, दोन राज्यं. मंजुरी मिळाली सप्टेंबर 2024 मध्ये, तीही केंद्राने पैसे द्यायचं ठरवल्यावर. हे आमच्या घरातल्या पोरांना माहीत असायलाच हवं.

नकाशा गुंडाळताना पुतणी म्हणाली, "मग आपल्या दोन गावांची वर्गणी कोण काढणार?"

सोमवारी दोन्ही ग्रामपंचायतींत एकच अर्ज देतोय. सह्या दोन्ही गावच्या. कागद तिनेच लिहिलाय.