‘पर्यायच नव्हता’ म्हणणाऱ्यांनी फ्रिट्झ बुश यांची कारकीर्द बघावी

पाश्चात्य शास्त्रीय संगीतावर बोलणं निघालं आणि विषय हिटलरच्या काळाकडे वळला की एक मजकूर हमखास पुढे येतो. थोड्याफार फरकाने तो असा: १९३३ साली नाझी सत्तेवर आले तेव्हा देश सोडून गेले ते ज्यू संगीतकार, कारण त्यांना जावंच लागलं. बाकीचे राहिले, कारण त्यांच्यापुढे पर्यायच नव्हता. ऑपेराचा संचालक, म्हणजे वाद्यवृंदाला छडीने चालवणारा, आपलं नाट्यगृह आणि आपली भाषा सोडून जाणार तरी कुठे? कलाकाराचा राजकारणाशी संबंध काय? आणि ही मंडळी राहिली म्हणूनच जर्मन संगीत टिकलं.

हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांत संगीतावर मनापासून प्रेम करणारी माणसं असतात, म्हणून तो मला जास्त लागतो. यातलं एकेक वाक्य फ्रिट्झ बुश या एका जर्मन संचालकाच्या आयुष्याशेजारी ठेवून बघितलं, तर एकही टिकत नाही.

पहिलं वाक्य, फक्त ज्यू गेले. बुश ज्यू नव्हते. १८९० साली वेस्टफालियातल्या झीगेन गावी त्यांचा जन्म झाला. वडील व्हायोलिनं बनवायचे, आणि घरची मुलं वडिलांबरोबर गावोगावच्या नाचाच्या कार्यक्रमांत वाजवायला जायची. फ्रिट्झ पियानोवर, धाकटा आडोल्फ व्हायोलिनवर. कोलोनला शिक्षण, मग रीगा, आखेन, श्टुटगार्ट, आणि १९२२ मध्ये ड्रेस्डेन. ड्रेस्डेनचं ऑपेरागृह म्हणजे जिथे रिचर्ड स्ट्राउसच्या ‘सालोमे’, ‘एलेक्ट्रा’ आणि ‘रोझेनकावालीअर’चे पहिले प्रयोग झाले ते घर. बत्तिसाव्या वर्षी या घराची सूत्रं हाती येणं म्हणजे जर्मन संगीतसृष्टीत शिखरावर पोचणं होतं. १९२४ मध्ये महायुद्धानंतर बायरॉइटचा वाग्नर महोत्सव पुन्हा सुरू झाला, तेव्हा ‘माइस्टरझिंगर’ बुश यांनीच सादर केली. ‘शंभर टक्के जर्मन’ कारकीर्द शोधायला निघालात तर हिच्यापाशीच येऊन थांबाल.

आणि हाच माणूस १९३३ च्या जूनमध्ये देश सोडून गेला. धाकटे आडोल्फ, त्या काळातले अव्वल दर्जाचे व्हायोलिनवादक, तेव्हा बाझेलला राहत होते. १ एप्रिल १९३३ ला ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला गेला, त्यानंतर आडोल्फनी जर्मनीतले सगळे कार्यक्रम रद्द केले. तेही ज्यू नव्हते. संचालक एरिश क्लायबर ऑस्ट्रियन, तेही ज्यू नव्हते. १९३४ च्या डिसेंबरात त्यांनी बर्लिनच्या सरकारी ऑपेराचा राजीनामा दिला. हेरमान शेर्खेन गेले, दिग्दर्शक कार्ल एबर्ट गेले. संख्येने थोडे, हे खरं. पण ‘थोडेच गेले’ आणि ‘कोणाला जाताच येत नव्हतं’ ही दोन अगदी वेगळी विधानं आहेत. पहिलं इतिहासातलं आहे. दुसरं नंतर, राहिलेल्यांच्या सोयीसाठी रचलेलं आहे.

आता कलाकार आणि राजकारण. हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण मजकुरातला ‘निव्वळ संगीतात रमलेला कलाकार’ खरोखर कोणी असेल तर ते बुशच होते.

१९२७ सालचा प्रसंग घ्या. बुश न्यूयॉर्कला पाहुणे संचालक म्हणून गेले होते. अकरा वर्षांचा एक मुलगा बेटहोव्हनचा व्हायोलिन कन्चेर्तो वाजवणार असं त्यांना सांगितलं गेलं आणि त्यांनी साफ नकार दिला. एवढी मोठी रचना पोराच्या हातात द्यायची नसते, हे त्यांचं ठाम मत. मग त्यांनी मुलाला ऐकलं, आणि मत तिथल्या तिथे बदललं. तो मुलगा येहुदी मेनुहिन, पुढे १९५२ मध्ये भारतात येऊन मुंबईतही वाजवून गेलेला. मुलगा कोण, कोणाचा, याचा बुश यांनी विचार केला नाही. वाजवतो कसा, एवढंच बघितलं. ड्रेस्डेनमध्येही त्यांचा हाच खाक्या होता. १९२६ च्या एका वर्षात त्यांनी कुर्ट वाइल यांची पहिली ऑपेरा, हिंडेमिथ यांची ‘कार्दियाक’ आणि पुच्चिनींच्या ‘तुरांदोत’चा जर्मनीतला पहिला प्रयोग सादर केला. त्याच वर्षी त्यांनी वेर्दींची ‘ला फोर्झा देल देस्तिनो’ नव्या जर्मन संहितेसह आणली. जर्मनीत वेर्दींना नव्याने मान मिळाला त्यात या प्रयोगाचा मोठा वाटा होता. वाइल ज्यू, पुच्चिनी आणि वेर्दी इटालियन, हिंडेमिथ धिटाईने नवं लिहिणारे. बुश यांना या सगळ्यांत संगीत दिसत होतं.

असा माणूस राजकारणापासून दूर राहू शकला का?

५ मार्च १९३३ ला जर्मनीत निवडणूक झाली. दोनच दिवसांनी, ७ मार्चला, ड्रेस्डेनच्या ऑपेरात ‘रिगोलेत्तो’चा प्रयोग होता. प्रेक्षागृहात तपकिरी गणवेशातले नाझी जमले होते. बुश नेहमीप्रमाणे रंगमंचापुढच्या वादकांच्या खड्ड्यात आले, आणि त्यांना बाहेर काढा अशा आरोळ्या सुरू झाल्या. समोर वादक वाद्यं जुळवून बसलेले, वर पडदा, मागे आरडाओरडा. हातात छडी असलेला माणूस अशा वेळी काय करणार? गलबला थांबेना. बुश खड्ड्यातून बाहेर पडले, त्यांच्या जागी दुसरा संचालक उभा राहिला आणि प्रयोग सुरू झाला. अकरा वर्षांचं काम एका संध्याकाळी संपलं. नाट्यगृहाचे प्रमुख आल्फ्रेड रॉयकर यांचीही गच्छंती झाली.

ही संध्याकाळ डोळ्यांसमोर ठेवून मग ‘कलाकाराचा राजकारणाशी संबंध काय’ हे वाक्य पुन्हा वाचा. बुश कुठल्या सभेत गेले नव्हते. ते कामावर आले होते. राजकारण तिकीट काढून प्रेक्षागृहात येऊन बसलं होतं.

बुश यांना देवत्व देण्याची मला घाई नाही. ड्रेस्डेनहून हाकलल्यावर ते लगेच सरहद्द ओलांडून गेले नाहीत. ते बर्लिनला गेले, काही आठवडे तिथे काढले. हिटलरचा सहकारी गोअरिंग याला ते बर्लिनमध्ये हवे होते आणि तशी बोलणीही झाली. म्हणजे दार बंद झालेलं नव्हतं. उलट पहिल्यापेक्षा मोठं दार उघडायची शक्यता होती. त्याच सुमारास इटालियन संचालक तोस्कानिनींनी ज्यू सहकाऱ्यांना मिळणाऱ्या वागणुकीच्या निषेधार्थ बायरॉइटला यायचं नाकारलं. मोकळ्या झालेल्या जागेसाठी बुश यांना विचारणा झाली, आणि त्यांनी नाही म्हटलं. वाग्नरची ‘पर्सिफाल’ मग रिचर्ड स्ट्राउसनी सादर केली. बायरॉइटचं ते आमंत्रण जर्मन संचालकासाठी काय असतं, हे बुश स्वतः तिथे काम केल्यामुळे पुरतं जाणून होते. कागदावर ते निव्वळ सांगीतिक काम होतं. पण निषेध करून गेलेल्या माणसाच्या खुर्चीत बसणं म्हणजे त्याचा निषेध पुसून टाकणं, एवढं त्यांना कळलं. म्हणून मी म्हणतो की त्यांच्यापुढे पर्याय होता, दोन्ही बाजूंनी होता, आणि त्यांनी निवड केली.

त्याच उन्हाळ्यात, १ जुलैला, ड्रेस्डेनमध्ये स्ट्राउसच्या ‘अराबेला’चा पहिला प्रयोग झाला. ही ऑपेरा रॉयकर आणि बुश यांनाच अर्पण केलेली आहे. अर्पणपत्रिकेतली दोन्ही माणसं ड्रेस्डेनच्या कामातून गेलेली, आणि छडी क्लेमेन्स क्राउस यांच्या हाती.

तिसरा दावा कारकीर्द संपण्याचा. ऑपेराचा संचालक भाषेला आणि घराला बांधलेला असतो, परदेशात तो काय करणार, असं विचारतात. उत्तर थोडक्यात द्यायचं तर, ब्यूनोस आयरेसच्या तेआत्रो कोलोनमध्ये जर्मन ऑपेरांचे हंगाम, कोपनहेगनमध्ये डॅनिश रेडिओचा वाद्यवृंद, स्टॉकहोम, आणि १९४५ पासून न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन, जिथे त्या वर्षीच्या हंगामाची सुरुवातच बुश यांच्या ‘लोहेनग्रिन’ने झाली. पण खरं उत्तर इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यात आहे, आणि तिथे थोडं थांबायला हवं.

जॉन क्रिस्टी नावाच्या जमीनदाराने ग्लाइंडबोर्न इथे आपल्या घराला जोडून सुमारे ३०० आसनांचं छोटं ऑपेरागृह बांधलं. त्यांची पत्नी ऑड्री मिल्डमे गायिका होती. बुश आणि कार्ल एबर्ट, दोघंही जर्मनी सोडून आलेले, तिथे एकत्र आले. २८ मे १९३४ ला ‘फिगारो’ने पडदा उघडला, दुसऱ्या दिवशी ‘कोझी फान तुत्ते’. अट एकच, तालमी भरपूर हव्यात, आणि नावाजलेल्या गायकासाठी तालमीत सूट नाही. संगीत आणि अभिनय एकाच विचाराने बसवायचे. मोत्झार्टच्या इटालियन ऑपेरा त्या काळी जर्मनीत जर्मनमध्येच गायल्या जायच्या. इथे त्या मूळ इटालियनमध्ये बसवल्या गेल्या. भाषेला बांधलेला माणूस म्हणतात तो हा!

१९३६ मध्ये इथेच ध्वनिमुद्रित झालेली ‘डॉन जोव्हानी’ मी कितीतरी वेळा ऐकली आहे. तेव्हाच्या तबकडीची एक बाजू चारेक मिनिटांत संपायची, त्यामुळे अख्खी ऑपेरा तुकड्या-तुकड्यांत नोंदवावी लागली. तरीही प्रवाह कुठे तुटत नाही. सुरुवातीचे ते दोन भेदक स्वरमेळ बुश उगाच ताणत बसत नाहीत. नेमका घाव घालतात आणि पुढे निघतात. गाण्यांमधल्या संवादांना हार्प्सिकॉर्डऐवजी पियानोची साथ आहे, आणि तो पियानो गप्पांत भाग घेतल्यासारखा वाजतो. जोव्हानी गाणारे जॉन ब्राउनली ऑस्ट्रेलियन, लेपोरेल्लो झालेले बाकालोनी इटालियन, डोन्ना आन्ना गाणारी आयना सूझ अमेरिकन, ओत्ताव्हिओ हंगेरियन, झेर्लिना स्वतः ऑड्री मिल्डमे. ‘आपलं घर’ म्हणावं असं काहीच सोबत न आणलेल्या माणसाने दोन-तीन वर्षांत वेगवेगळ्या देशांतल्या गायकांचा असा संच उभा केला, की ‘कोझी’ आणि ‘जोव्हानी’ची पहिली संपूर्ण ध्वनिमुद्रणं म्हणून आजही हेच संच ऐकले जातात. इंग्लंडमध्ये वेर्दींची ‘मॅकबेथ’ पहिल्यांदा रंगमंचावर आली तीही इथेच, १९३८ मध्ये, बुश यांच्याच हाताखाली.

किंमत मोजावी लागली नाही, असं मात्र नाही. ड्रेस्डेनसारखं एकच कायमचं घर त्यांना पुन्हा मिळालं नाही. १९४० मध्ये जर्मन सैन्य डेन्मार्कमध्ये शिरलं, त्यानंतर युरोपही सुटला. तोवर ते अर्जेंटिनाचे नागरिक झाले होते. बोटी, हॉटेलं, दर हंगामाला नवे वादक. हे हाल खरे आहेत, आणि ज्यांना हे नको होतं त्यांचं मन मी समजू शकतो. पण नको असणं वेगळं आणि शक्य नसणं वेगळं.

राहता राहिला शेवटचा दावा, राहिलेल्यांनी जर्मन संगीत जपलं हा. राहिलेले सगळे एका मापाचे नव्हते. बर्लिनचे संचालक फुर्टवेंग्लर यांनी १९३३ च्या एप्रिलमध्ये नाझी प्रचारमंत्री गोबेल्सला जाहीर पत्र लिहिलं, पुढच्या वर्षी हिंडेमिथची बाजू घेतली आणि पदांचे राजीनामे दिले. मग १९३५ मध्ये ते पुन्हा बर्लिनमध्ये उभे राहिले. त्यांच्या संचालनातलं मोठेपण मी नाकारत नाही. पण ‘जपलं’ म्हणताना काय जपलं ते नीट सांगायला हवं. लाइपझिगमध्ये ज्यू कुळातल्या मेंडेल्सझोन या संगीतकाराचा पुतळा १९३६ मध्ये हटवला गेला. त्यांचं संगीत कार्यक्रमांतून गेलं. बुश यांनी ड्रेस्डेनमध्ये ज्यांना व्यासपीठ दिलं ते वाइल आणि हिंडेमिथ १९३८ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या नाझींच्या ‘विकृत संगीत’ प्रदर्शनात टिंगलीला मांडले गेले. जर्मन संगीताचे हे तुकडे कापून टाकल्यावर जे उरलं, तेवढंच राहिलेल्यांना वाजवता आलं. कापलेलं संगीत बाहेरच जगलं, गेलेल्यांच्या हातांत. आणि बुश ज्यासाठी अकरा वर्षं राबले ते ड्रेस्डेनचं ऑपेरागृह १९४५ च्या फेब्रुवारीतल्या बॉम्बहल्ल्यात जळालं. ते पुन्हा उघडायला चाळीस वर्षं लागली.

बुश १९५१ मध्ये पश्चिम जर्मनीत पुन्हा उभे राहिले. फेब्रुवारीत कोलोनच्या रेडिओसाठी त्यांनी वेर्दींची ‘बालो इन मास्केरा’ ध्वनिमुद्रित केली. जर्मन गायक फिशर-डीस्काऊ तेव्हा पंचविशीत होते, तेही तिच्यात गायले आहेत. त्या उन्हाळ्यात बुश ग्लाइंडबोर्नला होते, मग त्याच संचाबरोबर एडिंबराच्या महोत्सवाला गेले. तिथे सादर केलेल्या ऑपेरांत ‘ला फोर्झा देल देस्तिनो’ होती, पंचवीस वर्षांपूर्वी ड्रेस्डेनमध्ये नव्याने उभी केलेली तीच. थोड्याच दिवसांनी, १४ सप्टेंबरला, लंडनमध्ये ते गेले.